काकूंचं उत्तर

क्लासमधली पोरं सरांना पाठीमागे 'सरासरी सर' म्हणत. कारकुनाच्या परीक्षेतली सरासरीची गणितं सर अशी समजावायचे की दगडालाही यावीत. एकच खोड होती. पुस्तकातले आकडे त्यांना अळणी वाटत. आकडे क्लासातलेच हवेत, मग पोरं कान टवकारतात!

त्या दिवशीही त्यांनी फळ्यावर लिहिलं : 'चोवीस जणांची सरासरी एकसष्ट. एक नवीन विद्यार्थी आला आणि पंचवीस जणांची सरासरी एकोणसाठ झाली. नव्याचे गुण किती?'

"चोवीस जणांची एकूण बेरीज धरा, गाढवांनो! नुसती वजाबाकी करून मोकळे होऊ नका!"

बोलून झाल्यावर सरांच्या ध्यानात आलं, हे आकडे तर याच क्लासच्या चाचणीचे. नवीन विद्यार्थी एकच होता : हॉस्पिटलच्या धुलाई विभागात इस्त्री करणाऱ्या काकू. वयाच्या अटीत बसणारी ही त्यांची शेवटची परीक्षा. त्यांच्या पहिल्या चाचणीचे गुण कुणाला कळू देणार नाही, असा शब्द सरांनीच दिला होता.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून हात वर झाला. आजवर कधीच वर न झालेला काकूंचा हात.

"सर, अकरा!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. माना मागे वळल्या. बरोबर म्हणावं तर काकूंची शोभा होणार.

"चूक," सर घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी फळा पुसून टाकला. काकूंची अब्रू राखली म्हणे! स्वतःची राखली, दुसरं काय?

क्लास सुटल्यावर काकू टेबलापाशी आल्या. "सर, तीनदा करून पाहिलं. अकराच येतात. कुठे चुकतंय ते सांगा. नाहीतर मला नाही झेपायचं हे, उद्यापासून येत नाही."

सरांना मान वर करवेना. "चुकलं नव्हतं, काकू. अकराच. पण ते तुमचे..."

"माझेच की! मला माहीत नाही होय?" काकू म्हणाल्या. "पडले तेव्हा रडून घेतलं. आज गणित करून काढले, म्हणून तर हात वर केला. जन्मात पहिल्यांदा!"

सर लाजेने अर्धमेले झाले. "माफ करा मला."

"माफी राहू द्या. येते मी उद्या. चूक सगळ्यांसमोर म्हणालात ना? मग बरोबरही सगळ्यांसमोर म्हणा."

एवढंच तर मागितलं होतं त्यांनी. पण 'बरोबर' म्हणायचं तर शब्द मोडल्याचंही सगळ्यांसमोर कबूल करावं लागणार, म्हणून 'हो' म्हणायचं सोडून सर खडू चिवडत बसले.