वहिनी आणि बावीस यार्डांची सवत

आमच्या वहिनीला दादाचा कुठल्याही बाईवरून कधी संशय आला नाही. तिचा जळफळाट व्हायचा तो खेळपट्टीवरून. दादा क्रिकेटच्या मोठ्या मैदानावर खेळपट्ट्या तयार करतो. मी त्याची बहीण, लग्न न करता त्यांच्याच घरात राहिलेली, त्यामुळे या सवतीमत्सराचे प्रयोग मला पहिल्या रांगेतून, तेही फुकट, बघायला मिळाले.

"कपाळाला हात लावून माझा ताप कधी बघितला नाही यांनी," ती म्हणायची, "आणि तिच्यावर तळवा टेकवून बसतात. ओल बघतात म्हणे!"

सामना जवळ आला की दादाच्या तोंडात मिठाची गुळणी. पाणी दिलं का, गवत ठेवलं की कापलं, यातलं अवाक्षर उंबऱ्याच्या आत येत नसे. सट्टेवाल्यांना एवढीशी बातमीही पुरते, म्हणून नियमच आहे तसा. पण दादा नियमाच्याही चार पावलं पुढे. निघताना तो मैदानावरच बूट धुतो. तळाला चिखल आहे की धूळ, हेसुद्धा कुणाला दिसू नये म्हणून. ते धुतलेले बूट दाराशी बघितले की वहिनीच्या अंगाची लाही व्हायची.

"बाहेरख्याली पुरुष अत्तर धुऊन घरी येतात ना, तसे येतात हे!"

अंतिम सामन्याच्या आधी एका दुपारी वहिनीची धाकटी बहीण आली. मी शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होते.

"ताई, भावोजी काय म्हणतात? चेंडू वळेल का गं?"

"मला काय विचारतेस?"

"म्हणजे तुला सांगत नाहीत? अगंबाई! आमचे हे तर मला सगळं सांगतात. ऑफिसातलं बारीकसारीकसुद्धा."

बहिणीचा तो नवरा सट्टा लावतो, हे वहिनीला ठाऊक होतं. पण त्या क्षणी तिला दिसत होतं फक्त बहिणीचं सुखी तोंड. मुळात आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण मत्सराला आड लागत नाही.

"सांगत नाहीत कसे? रोज सांगतात," वहिनी म्हणाली. "पहिल्या षटकापासून वळणार आहे. कुठे बोलू नकोस."

मी घडी मोडून पुन्हा घातली. नवरा-बायकोच्या मधे नणंदेने पडू नये म्हणतात, बहिणी-बहिणींच्या मधे तर नाहीच नाही.

बोलाफुलाला गाठ पडली. चेंडू असा वळला की यष्टिरक्षकाची त्रेधा उडाली. बहिणीच्या नवऱ्याने सट्ट्यात घसघशीत पैसा कमावला आणि चारचौघांत छाती फुगवून सांगितलं, "घरचीच बातमी होती!" ती बढाई फिरत फिरत क्रिकेट मंडळाच्या दक्षता विभागात पोचली आणि दादाला कामावरून थांबवलं.

चौकशीला घरातल्या म्हणून आम्हा दोघींना बोलावलं आणि त्या बहिणीलाही. चष्मेवाल्या अधिकारी बाई समोर. दादा एकच सांगत होता, मी कुणाला काही बोललो नाही. त्यावर कोण विश्वास ठेवणार? बातमी तर खरी ठरली होती.

बाईंनी वहिनीला विचारलं, "हे तुम्हाला नवऱ्याने सांगितलं?"

वहिनी पिशवीचा बंद पिळत राहिली. शेजारी बहीण, समोर नवरा. मला तिचा राग आला होता, तरी मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली.

"नाही," ती म्हणाली. "मला ते काही सांगत नाहीत. कधीच नाही. हिच्यासमोर कमीपणा नको म्हणून मी मनचं ठोकून दिलं."

"मग घरी बोलता तरी काय?"

"भाजीत मीठ कमी आहे, एवढं बोलतात."

बहीण खाली बघायला लागली. दादाने मात्र मान वर करून वहिनीकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिला.

दादाची नोकरी वाचली, पण बाईंनी नवा नियम काढला. सामन्याआधीचा अख्खा आठवडा खेळपट्टीवाल्याने मैदानावरच राहायचं, तिथेच झोपायचं, घरच्यांना भेट नाही, फोन फाटकावर जमा.

हात दाखवून अवलक्षण! आता त्या आठवड्यात वहिनी रोज डबा घेऊन फाटकापर्यंत जाते आणि मी सोबतीला. रखवालदार डबा उघडून बघतो, झाकण लावतो, आत पाठवतो. परवा तिने त्याला विचारलं,

"कालचं जेवले का हो? तब्येत बरी आहे ना?"

"बाई," तो म्हणाला, "आतलं काहीही बाहेर सांगायला मनाई आहे."