बरणीवरचा अंदमानी दगड

माफ करून टाक, असं आई अजूनही म्हणते. मी केलं नाही, करणारही नाही.

संशोधनासाठी मी तीन हिवाळे अंदमानात काढले. तिथं समुद्रतळाचं खडकाळ कवच बेटांखाली सरकत असतं. त्या रेट्यानं शेजारच्या खोलगट भागात साचलेल्या गाळाचे थर दुमडतात, तुटतात, एकमेकांवर चढतात आणि पाण्याबाहेर येऊन बेटांचे डोंगर होतात. ते थर मोजायचं काम माझं. मार्गदर्शक सर वेल्ह्याचे, मी भोंगवलीची. आपल्याकडचा माणूस म्हणून वह्या विश्वासानं त्यांच्या हवाली केल्या. ते स्वतः बेटावर दोनच दिवस आले आणि गाडीच्या काचेतून डोंगर बघून गेले. वर्षभरात माझा नकाशा त्यांच्या लेखात, त्यांच्या एकट्याच्या नावानं छापून आला. विचारलं तर म्हणाले, वह्या विभागाच्या असतात.

शेवटची वही मात्र माझ्याकडेच राहिली होती. पश्चिमेकडचे थर उलटे झालेत, हे तीत होतं. गढूळ पाण्याचा लोंढा तळाच्या चिखलात खळगे पाडतो आणि त्यात वाळू भरते, म्हणून वाळूच्या थराला उंचवटे खालच्या अंगाला असतात. तिथं ते आभाळाकडे होते. सरांनी थर सुलटेच धरले. आमच्या सह्याद्रीत खालचा खडक जुना आणि वरचा नवा, यात फसगत होत नाही. सरांनी जन्मभर तेच पाहिलेलं.

मी गप्प बसले. आभाळाकडच्या अंगाला रंगाची खूण करून तिथल्या खडकातून काढलेला एक दगड आईच्या लोणच्याच्या बरणीवर दोन वर्षं पडून होता.

मग पुण्यात त्याच नकाशावर सरांचं व्याख्यान ठरलं. दगड पिशवीत घालून मी कापूरहोळला एसटी धरली. प्रश्नांच्या वेळी तो त्यांच्यापुढे ठेवला आणि याची खालची बाजू कोणती, एवढंच विचारलं. त्यांनी उंचवट्यांवर बोट ठेवलं. रंगाची खूणही तिथंच होती; पश्चिमेच्या डोंगरात हीच बाजू आभाळाकडे होती, असं मी सांगितलं. पुढच्या रांगेतले लोक उठून दगड बघायला आले आणि सरांनी पाण्याची बाटली उघडली. मला फार बरं वाटलं.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. व्याख्यानातली भाषा गळून पडली होती.

"आदी का न्हाई सांगितलंस?"

"तुमी इचारलं न्हाई, सर."

मग आवाज उतरवून म्हणाले, दुरुस्ती दोघांच्या नावानं छापू.

"नको," मी म्हटलं. "लेख तुमचा एकट्याचा हाय. चूक बी एकट्याचीच राहू द्या."