मशीन सुधारणारा नट

मी तुमसरच्या राइस मिलमध्ये चौकीदार आहे. तांदळातले काळे दाणे वेचणारी मशीन बिघडली की नागपूरहून एक माणूस येतो. खांदे पाडून बसतो, लॅपटॉपवर बोटं चालवतो, मान वर करत नाही. आवाज भरदार, पण बोलतो अगदी हळू.

मशीन येण्याआधी ते दाणे माझी बायको हातानं वेचायची. ती दिवाळीनंतर गेली. परवा मी त्या माणसाला तोंडावरच विचारलं, "तुमी झाडीपट्टीच्या नाटकात काम करत होते नं? इथं दाणे वेचणारी माही बायको तुमाले पाहून पदर ओला करे. सोडलं काहून?"

मशिनीच्या काचेवरचा कोंडा तो बोटानं पुसत राहिला. "माही माय मेली, बाबाजी. मी तिरडीपाशी रडलो, त मागून एक जण म्हणे, वा, काय ॲक्टिंग आहे! त्याच्यानंतर तोंडाले रंग नाई लागला. मंग कॉम्प्युटर शिकलो."

"तुमी रडले त तसं. बायको गेली तवा मले रडूच नाई आलं, त गाव मले गोटा म्हणते."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "कुठं बसत होत्या त्या?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी दाराजवळची जागा दाखवली, अन् हात खाली घेताच येईना. छाती हलायला लागली.

मशीन अजून सुधरली नव्हती. तरी त्यानं बटण दाबलं, अन् त्या खडखडाटात, कोणाला ऐकू न जाता, मी पोटभर रडलो.