भोये सिस्टरांचा डावा हात

गुरुजींचा फोन आला तेव्हा मी साखरशेतजवळच्या एका पाड्यावर लसीकरणाला बसले होते. अंगणवाडीच्या ओट्यावर बायका पोरं घेऊन दाटीवाटीनं बसलेल्या, लशीची बाटली नुकती उघडलेली, एक गुटगुटीत पोर समोर आईच्या मांडीवर. फोन आशाताईनं माझ्या कानाला लावून धरला. गुरुजी एवढंच म्हणाले, "रंजनाताई, तुमच्या सिस्टर गेल्या..." अख्खा संसार जिच्याबरोबर केला त्या बायकोला ते 'तुमच्या सिस्टर' म्हणाले. मी "बरं" म्हटलं आणि पोराला सुई टोचली. बाटली एकदा उघडली की ठरल्या वेळात संपवावी लागते, नाहीतर उरलेली लस टाकून द्यावी लागते. ती तशीच टाकून मी जव्हारला सिस्टरांच्या घरी धावत गेले असते, तर त्या बाईनं तिरडीवरून उठून मला परत पाठवलं असतं. रांग संपली, लशींचा डबा मिटला, आणि मग ओट्याच्या कडेला बसून मी पोटभर रडले. एका म्हातारीनं पाठीवर हात ठेवून विचारलं, "काय झालां बाय?" मी म्हटलं, "मला शिकवणाऱ्या बाई गेल्या." म्हातारीनं माझ्या पांढऱ्या केसांकडे एकदा बघितलं.

इंदू भोये हे त्यांचं नाव. दाभोसा गावच्या, भात-नाचणी पिकवणाऱ्या घरातल्या. नर्स झाल्या, आणि पुढे नोकरीत असलेल्या नर्सनाच शिकवण्याचं काम त्यांच्याकडे आलं. जव्हार-मोखाड्यातल्या डोंगरांत जिथं जिथं उपकेंद्र आहे, तिथं तिथं त्या जीपच्या मागच्या फळीवर बसून पोचल्या. आमच्यात प्रशिक्षण म्हणजे जेवण, चहा आणि सही. मोठ्या हॉलमध्ये पंखे गरगरायचे, पडद्यावर इंग्रजी चित्रं सरकायची, एक तरुण डॉक्टर भरभर बोलायचा आणि शेवटी विचारायचा, "समजलं ना सगळ्यांना?" आम्ही शाळेतल्या पोरींसारख्या एका सुरात "होऽऽ" म्हणायचो. समजलेलं काहीच नसायचं, पण बस चुकवायची नसायची.

अशाच एका प्रशिक्षणात माझी पंचाईत झाली. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला तोंडावर मास्क धरून, पिशवी दाबून श्वास द्यायला शिकायचं होतं. रबराची बाहुली समोर ठेवलेली. मी मास्क धरला की कडेनं हवा फुस्स करून निसटायची आणि बाहुलीची छाती काही हलायची नाही. माझ्या मुलीच्या वयाच्या पोरी पटापट करून मोकळ्या झाल्या. परीक्षेत मी नापास. पुढच्या खेपेला जमलं नाही तर बाळंतपणाच्या खोलीतलं काम काढून घेणार, असं सांगण्यात आलं. माझं अर्धं आयुष्य त्या खोलीत गेलेलं. रस्त्यानं जाताना एखादं दाढीमिशा फुटलेलं पोर "सिस्टर" म्हणून हाक मारतं आणि मला त्याचा जन्म आठवतो, असं माझं काम. ते सोडून नुसत्या गोळ्या वाटत बसायच्या? त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. स्वेच्छानिवृत्ती घ्यायचं मी मनाशी पक्कं केलं होतं.

तेव्हा भोये सिस्टर आल्या. हॉलमध्ये बोलावणं नाही की काही नाही, थेट माझ्या उपकेंद्रावर, बाहुली काखोटीला मारून. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तर त्या म्हणाल्या, "भूक लागली आहे, भाकरी टाक." मी चुलीपुढे बसले. त्या समोर पाटावर. मी नाचणीची भाकरी थापत होते आणि ही बाई माझ्या तोंडाकडे नाही, नुसती हातांकडे बघत होती. मग म्हणाल्या, "नाचणीला चिकटा नसतो, तरी तुझ्या भाकरीची कड फाटत नाय. कशी गं?" मी म्हटलं, "त्यात काय, उजव्या हातानं थापायची, डावा कडेला ठेवायचा." "डावा दाबतीस का?" "दाबून कसं चालेल? नुसता धरायचा. बोटांना कळतं कुठं फाटायला लागली ते." "पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. आपल्याला येतं ते सांगायला कोणाला आवडत नाही? चांगली ऐटीत सांगत होते. जेवणं झाल्यावर त्यांनी बाहुली परातीशेजारी ठेवली, मास्क माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ही कड. फाटू देऊ नको." बस्स, एवढंच. माझ्या डाव्या हाताची बोटं मास्कच्या कडेवर आपसूक बसली, उजव्यानं पिशवी दाबली, आणि बाहुलीची छाती वर आली... मी चक्क ओरडले. परातीत अजून पीठ होतं.

मला त्या बाईचं आजही नवल वाटतं. नवल हा शब्दसुद्धा कमीच पडतो. आमच्या डोंगरात बायकांना कशाकशाचं ज्ञान आहे हे सांगणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. पण समोर बसलेल्या एका बाईला नेमकं काय येतं हे शोधायला जीपची धूळ खात कोणी आलेलं मी दुसरं पाहिलं नाही. शेजारच्या उपकेंद्रातल्या सिस्टर शिवणकाम करायच्या, त्यांना भोये सिस्टरांनी जखमेचे टाके शिवणयंत्रापासून सुरुवात करून शिकवले. मोठ्या माणसाला रिकामं भांडं समजून ओतायला गेलं की तो झाकण लावून बसतो, असं त्या म्हणायच्या. आधी भांड्यात काय आहे ते वाकून बघायचं.

छाती हलली म्हणजे मी शिकले असं मला वाटलं होतं. त्यांना तसं वाटत नव्हतं. पुढच्या बुधवारी आल्या, बाहुली ठेवली आणि मी हात चालवायला लागले, तर एकदम उठून खिडकीकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मला वाटलं, बाई चिडली. हात थांबवला. तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "थांबलीस का? दर वेळी पिशवी दाबतीस आणि माझ्या तोंडाकडं बघतीस, बरोबर झालं का म्हणून. मग बाळाच्या छातीकडं कोण बघणार?" खरंच की! इतकी वर्षं प्रशिक्षण म्हणजे पुढच्या माणसाची मान हलते का ते बघणं, हीच आमची सवय. शाळेत लागलेली, हॉलमध्ये मुरलेली. ती सवय त्यांनी खिडकीबाहेरचा डोंगर बघत बघत मोडली. त्या पाठमोऱ्या ऐकायच्या, हवा निसटली की आवाजावरून कळायचं आणि त्या नुसतं "कड..." म्हणायच्या. काही दिवसांनी तेही म्हणेनाशा झाल्या. आमच्यातल्या काही जणी या पाठ फिरवण्यावर रागवायच्या. एक तर त्यांना 'खिडकीबाई' म्हणायची. त्यांच्या कानावर ते गेलं तर म्हणाल्या, "चांगलं नाव हाय, उजेड येतो."

आणि मग ती दुपार आली. साखरशेतची एक पहिलटकरीण, बरोबर तिची सासू. मूल आलं ते निळसर, लुळं, गप्प. पुसलं, पाठ चोळली, तरी गप्प. सासू देवाचं नाव घ्यायला लागली. मी नाळ कापली, बाळ टेबलावर घेतलं, मान नीट केली, मास्क ठेवला, पिशवी दाबली... आणि खोटं कशाला सांगू, एकदा मान वर झालीच. समोर भिंत होती. तिथं मान डोलावणारं कोणी नव्हतं. मी खाली बघितलं. छाती वर येत होती. दाब... दोन, तीन. दाब... दोन, तीन. किती वेळ गेला मला माहीत नाही. बाळानं आधी नाक आक्रसलं, मग उचकी दिल्यासारखं केलं, आणि मग असं काही किंचाळलं की बाहेर बसलेले पुरुष उठून उभे राहिले. सासू माझ्या पायाशी वाकायला लागली, तर मीच खाली बसले.

संध्याकाळी सिस्टरांना फोन केला. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्यांनी विचारलं, "बाळ दूध पितंय?" पितंय म्हटल्यावर त्या रडायला लागल्या, हे मला फोनवरही कळलं. मग नाक ओढून म्हणाल्या, "आता काय काय केलंस ते क्रमानं सांग." मी सांगितलं. "आणि राहिलं काय?" मी आठवून म्हटलं, "टोपी घालायला उशीर झाला, बाळ गार पडलं होतं थोडं." "हे बुधवारी मोखाड्याच्या सिस्टरांना तूच सांग." मी म्हटलं, "मी? मी नापास झालेली बाई." त्या म्हणाल्या, "म्हणून तर." पुढची परीक्षा मी पास झाले. त्याचं मला तेव्हा फारसं काही वाटलं नाही.

सिस्टर निवृत्त झाल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. नाशिकच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला जव्हारला गेले, तर ही दोन तालुके पालथे घालणारी बाई खाटेवर उशांच्या आधारानं बसलेली आणि गुरुजी तिला पेज भरवतायत. निवृत्त शिक्षक माणूस, भारी हळुवार. पण सिस्टरांनी तोंड घट्ट मिटलेलं. "असंच चाललंय," गुरुजी म्हणाले, "भरवलेलं नको, आणि डाव्या हातानं जमत नाय." मी लगेच पदर खोचला. चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि सुरू झाले, सिस्टर असा धरा, अंगठा इकडे, मनगट वळवा... त्यांनी चमचा टाकून दिला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

गुरुजींना वाटलं, सिस्टरांना वाईट वाटलं. मला मात्र ती पाठ ओळखीची होती. मी चमचा बाजूला ठेवला. खाटेवर बसले आणि विचारलं, "सिस्टर, तुमच्या डाव्या हाताला काय काय येतं?" बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, तो आवाज येत राहिला. मग गोधडीवरचा डावा हात हळूच उचलला गेला, अंगठा आणि पहिलं बोट गोल वळली, बाकीची तीन खाली हनुवटी उचलल्यासारखी वाकली. मास्कची पकड! उजव्या हातानं पिशवी दाबायची आणि डाव्यानं मास्क धरायचा, जन्मभर. मी पाण्याचं फुलपात्र काठाशी त्या पकडीत दिलं. धरलं! अर्धं पाणी गोधडीवर सांडलं, अर्धं पोटात गेलं, आणि सिस्टर वाकड्या तोंडानं हसल्या. शब्द नीट उमटत नव्हते, पण मला कळलं. "कड," म्हणाल्या त्या.

तिथून पुढे त्या शिकत गेल्या. फुलपात्र, मग कंगवा, मग घास. ओटीवर बसून पुन्हा नर्सचा वर्गही घेतला त्यांनी. मास्क त्यांच्या डाव्या हातात आणि पिशवी दाबायला समोरच्या पोरीचा उजवा. त्या वयात, त्या शरीरानं, रोज सकाळी नव्यानं अडाणी होऊन बसायचं आणि त्यात कमीपणा मानायचा नाही, हे मी पाहिलं आहे म्हणून सांगते. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. साडीच्या निऱ्या तेवढ्या राहिल्या. एका हातानं निऱ्या घालायचं चाललं होतं, जमत आलं होतं, आणि दुसरा झटका आला.

दिवसकार्य होऊन गेल्यावर परवा त्यांच्या घरी गेले. गुरुजी एकटेच होते. चहा ठेवतो म्हणाले, म्हणून त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. काडेपेटी चुलीच्या डावीकडे, कपांचे हूक डावीकडे, कंगव्याचा खिळा दाराच्या डाव्या अंगाला. कडीसुद्धा सुतार बोलावून डावीकडे बसवून घेतलेली. मी म्हटलं, "गुरुजी, आता हे सगळं तुमच्या सोयीनं लावून देऊ का?" त्यांनी नको म्हणून मान हलवली. चहाचं भांडं उतरवलं आणि ओतायला लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. भांडं त्यांच्या डाव्या हातात होतं. गुरुजींचा उजवा हात धडधाकट आहे, फळ्यावर त्याच हातानं लिहिण्यात त्यांची हयात गेली. माझं बघणं त्यांना कळलं.

"ती एकटीच शिकत होती ना," ते म्हणाले, "म्हणून मीपण बसलो शिकायला." थोडा चहा बशीत सांडला. तो त्यांनी पुसला नाही. "तिला लवकर जमलं. माझं अजून सांडतंय."