गोळ्या सोडून डोंगर चढले तेव्हा

औषधं सुरू झाली आणि माझा देव बोलायचा थांबला. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी कोडोलीत प्राथमिक शाळेत शिकवत होते. त्याआधी काही वर्षं माझं कधी तेजी, कधी उदासी असं चाललं होतं. तेजीत चार-चार दिवस झोप नसायची, तरी अंगात दहा माणसांचं बळ. फळ्याकडे वळले की जोतिबा मला माझ्या नावानं हाक मारतोय असं स्पष्ट ऐकू यायचं. त्या आनंदाला तोड नव्हती. मग महिनाभर अंथरुणातून उठवत नसे. वेणीसुद्धा नणंद घालायची.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मेंदूतल्या पेशी रसायनांमार्फत एकमेकींशी बोलतात; तेजीत त्यातल्या काहींचा जोर वाढतो, उदासीत सगळा तोलच बदलतो. "नेमकं काय बिघडतं, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही," असंही ते म्हणाले. लिथियमच्या गोळ्या दिल्या, अधूनमधून रक्त तपासायला सांगितलं. झोप लागू लागली, शाळा सुरळीत झाली. पण देवासमोर बसले की नुसती शांतता. एकच प्रश्न मला कुरतडू लागला. ती हाक रसायनांची होती, तर मी इतकी वर्षं कुणाला हात जोडत होते?

एका उन्हाळ्यात मी कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. काही दिवसांतच झोप उडाली. एका रविवारी सकाळी अनवाणीच जोतिबाच्या डोंगराकडे निघाले. खरा असशील तर आज बोल, एवढंच मनात. तो बोलला की कड्यावर जायचं आणि पाऊल पुढे टाकायचं, तो झेलणारच, याची मला तिळमात्र शंका नव्हती.

पायऱ्यांच्या कडेला एक मुसलमान बांगडीवाली बसली होती. "ये बाई, हिरव्या भरते," म्हणत तिनं माझा हात धरला. एक बांगडी चढवली आणि थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"किती दिस झालं झोपली न्हाईस?"

मी हात सोडवू लागले.

"माझी धाकटी भन अशीच करायची. गोळ्या सोडल्यास न्हवं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगतंय? डोळं दिसत्यात की तुझं. निघालीस कुठं?"

"देवाकडं."

"देव कुठं पळून जात न्हाई. आधी घरला चल."

टोपली शेजारणीच्या हवाली करून, माझं गाव विचारून तिनं मला माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसवलं. मी भांडले, रडले. तिनं मनगट सोडलं नाही. घरी पोचताच तिनं ह्यांना दारातच सुनावलं, "माणूस संभाळाय येत न्हाई व्हय?" त्याच दुपारी ह्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं.

वर्षभरानं मी तिला भेटायला गेले. ती तिथंच होती, पण मी तिला आठवत नव्हते. "लई बायका येत्यात, बाई," म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी तिच्या पाया पडले, तर लाजून पाय मागे घेतले तिनं.

ती हाक पुन्हा कधी आली नाही. ती कुणाची होती, हा वाद मी सोडून दिला. देवानं मला कसं भेटावं, हे इतके दिवस मीच ठरवत होते. आता तेही त्याच्यावर सोपवलंय. जेवण झालं की गोळी तळहातावर घेते. त्या वेळी मागणं काही नसतं. डोळे मिटते, आणि घेते.