नोंदवलेला तह

टॉडमॉर्डन स्टेशनच्या सिग्नल केबिनमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या वॉल्टर क्रॅबट्रीला खोटं बोलणारी माणसं मनापासून आवडायची. म्हणजे खेळातली. युरोपच्या नकाशावर सात राज्यं, सात खेळाडू, आणि प्रत्येकानं बाकीच्यांशी गोड बोलून त्यांचा गळा कापायचा. पूर्वी हे टपालानं चालायचं, अठ्ठ्याण्णव साल उजाडेपर्यंत ई-मेलवर आलं. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत आपल्या फौजांचे हुकूम पंचाकडे धाडायचे. ज्याचे आले नाहीत त्याच्या फौजा जागच्या जागी. पंच वॉल्टर. खेळाडूंनी हवं तेवढं फसवावं, पंचानं मात्र खोटं बोलायचं नाही आणि डाव चालू असताना कुणालाही फोन करायचा नाही, हे त्यानं बावीस वर्षं पाळलं होतं. शब्दाला किंमतच नसल्यामुळे कुणी दुखावत नसे, आणि एकमेकांचं तोंडही न पाहिलेली ही माणसं नाताळात न चुकता कार्डं पाठवत.

त्यात विघ्न आणलं क्लाइव्ह पेंडरनं. ग्रिम्सबीचा हा माणूस सगळ्यांत अट्टल दगाबाज, वॉल्टरचा सगळ्यांत जुना दोस्त. नवा डाव मांडण्याआधी त्यानं सुचवलं की या खेपेला तह पंचाकडे नोंदवावेत, आणि नोंदवलेला तह जो मोडेल त्याचं नाव या खेळाडूंच्या मंडळातून कायमचं काढावं. तीन आठवडे कलमांचा कीस पडला. दुसऱ्याच्या फौजेला चढाईत कबूल केलेला पाठिंबा दिला नाही तर तो तहभंग का? हो, म्हणाला क्लाइव्ह. हुकूम पोचायला उशीर झाला तर? तरी तहभंगच, कारण काहीही असो. हे शेवटचे तीन शब्द त्यानंच आग्रहानं घालायला लावले.

वॉल्टरला ते मुळीच रुचलं नाही. गाडी यायची वेळ होऊनही केबिनमधली घंटा वाजली नाही की तो जसा घड्याळाकडे पाहत राहायचा, तसा आता ते कलम पुन्हा पुन्हा वाचत राहिला. स्वान्सीच्या निवृत्त शिक्षिका ग्वेनिथ प्रोसर यांनी तर लिहिलंच, "पेंडरसाहेबांना म्हातारपणी सद्बुद्धी सुचली की काय?" पण त्यांनीच क्लाइव्हशी पहिला तह नोंदवला. बाकीचे त्यांचा गळा कधी कापला जातो याची वाट पाहू लागले.

ऑक्टोबरात एका बुधवारी क्लाइव्हचं पत्र आलं. तब्येत बरी नाही, दवाखान्यात दाखल हो म्हणतात. हुकूम पाठवतोच, पण उशीर झाला तर समजून घे.

वॉल्टर हसला. दोन वर्षांपूर्वी याच क्लाइव्हनं कंबरेचं हाड मोडल्याचं कळवलं होतं. वॉल्टरनं कळवळून बिस्किटांचा डबा पाठवला, आणि त्याच शुक्रवारी या पठ्ठ्यानं व्हिएन्ना घेतलं.

"पुन्हा नाही हं, बेट्या," वॉल्टर रिकाम्या खोलीत म्हणाला.

शुक्रवारी सहा वाजले. सव्वासहा. चहावर साय धरली. ग्वेनिथबाईंची फौज पाठिंब्यावाचून मार खाऊन परतली. वॉल्टरचा हात एकदा टेलिफोनकडे गेला, पण नियम तो नियम. त्यानं सगळ्यांना निकाल धाडला: क्लाइव्ह पेंडर यांनी नोंदवलेला तह मोडला, त्यांचं नाव मंडळातून कायमचं काढलं आहे. मग राहवलं नाही म्हणून खाली जोडलं, "आणि या खेपेला बिस्किटं मिळणार नाहीत."

मंगळवारी टपालानं पाकीट आलं. क्लाइव्हच्या बहिणीचं, एनिडचं.

"भावानं गुरुवारी सोबतची चिठ्ठी लिहून दिली. शुक्रवारी सहाच्या आत तुम्हाला पोचव म्हणाला. मला ते ई-मेलचं यंत्र चालवता येत नाही, आणि शेजारीण शनिवारपर्यंत गावाला गेलेली. आल्यावर तिनं त्यातून तुमचं पत्र काढून दिलं. मित्राचं पत्र ऐकून बरं वाटेल म्हणून मी त्याला दवाखान्यात वाचून दाखवलं. बिस्किटांचं काय ते मला कळलं नाही. तो म्हणाला, वॉल्टरचं बरोबर आहे. रविवारी सकाळी गेला. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगून ठेवलं होतं. एक डाव तरी शब्द पाळून खेळायचाय, असं तेव्हापासून म्हणायचा."

चिठ्ठीवरचं अक्षर थरथरलेलं होतं. बल्गेरियातल्या फौजेनं ग्वेनिथबाईंच्या फौजेला कॉन्स्टँटिनोपलवरच्या चढाईत पाठिंबा द्यावा.

वॉल्टरला स्वतःची शरम वाटली. मग यंत्रासमोर बसून त्यानं सगळ्यांना लिहिलं: "क्लाइव्ह पेंडर यांचे हुकूम शुक्रवारी पाच वाजून चाळीस मिनिटांनी आले होते. नजरचूक माझी. तह मोडलेला नाही." बावीस वर्षांतलं त्याचं हे पहिलं खोटं. पंचाचंच ते, त्यामुळे कुणी शंकासुद्धा काढली नाही.

ग्वेनिथबाईंचं उत्तर लगेच आलं. "पेंडरसाहेबांना सांगा, माझा त्यांच्यावर विश्वास होता."

बाकीची बातमी अजून लिहायची होती. वॉल्टरनं एनिडचं पत्र पुन्हा उघडून समोर ठेवलं.