साडूभाऊंचा सॅक्सोफोन

बँडमध्ये दोन सॅक्सोफोन होते आणि ते वाजवणारे दोघे एकमेकांचे साडू. थोरला पहिला वाजवायचा, म्हणजे गाण्याची चाल त्याच्याकडे. धाकटा दुसरा, म्हणजे चालीला खालून टेकू. टाळ्या पडायच्या त्या चालीला. टेकूकडे कोण बघतो? धाकटा थोरल्याला पाण्यात पाहायचा. घरीही सुटका नव्हती. "ताईच्या ह्यांचा सूर काय लागतो," असं बायको म्हणाली, की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याच्या मते सगळी करामत वाद्याची होती. तो जुना, काळवंडलेला सॅक्सोफोन थोरला कुणाला हात लावू द्यायचा नाही आणि आतून कधी धुवायचाही नाही. "धुतला की सूर वाहून जातो," म्हणायचा.

मग थोरल्याला खोकला लागला. संध्याकाळी कणकण, जिना चढला की धाप. एका डॉक्टरने दमा म्हटलं, दुसऱ्याने न्यूमोनिया. इस्पितळात पडून राहिला की बरा, घरी आला की पुन्हा तेच. बँड सुटला, पण घरचा रियाज काही त्याने सोडला नाही. पहिल्याची जागा धाकट्याला मिळाली. खोटं कशाला बोला, तो खूश होता. टाळ्या मात्र पूर्वीसारख्या पडत नव्हत्या, आणि त्याचं खापर तो आपल्या वाद्यावर फोडायचा.

थोरल्याला पुन्हा इस्पितळात ठेवलं, या वेळी फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाईंकडे. मेव्हणीच्या सोबतीला धाकटा गेला. साडू परत उभा राहणार की नाही, हे त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

बाईंनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, स्कॅन पुन्हा पुन्हा पाहिला. मग दोघांना बाहेर घेऊन बसल्या. "हा दमा नाही. श्वासातून काहीतरी आत जातंय आणि फुप्फुस त्यावर चिडतंय. फार कमी जणांना होतं हे. घरात कबुतरं आहेत? भिंतींना ओल? पिसांच्या उशा?"

"यातलं काहीच नाही," मेव्हणी म्हणाली.

"मग घरी असं काय आहे, जे इथे नाही?"

"त्यांचा तो सॅक्सोफोन," धाकटा फणकारला. "इथे आणू देत नाहीत, नाहीतर उशाशी घेऊन झोपले असते. मला कधी बोट लावू दिलं नाही. जन्मात धुतला नाही. आत थुंकी सडली तरी चालेल, पण..."

बाई सावरून बसल्या. "उद्या तो घेऊन या."

सॅक्सोफोनच्या नळीत काळीहिरवी बुरशी निघाली. फुप्फुसात दुर्बीण घालून घेतलेला नमुना आणि रक्ताची तपासणी, दोन्हींनी तेच सांगितलं. "तुम्ही बोललात म्हणून सापडलं," बाई धाकट्याला म्हणाल्या. आपल्याच तोंडाने आपण पहिल्या जागेवर पाणी सोडलं, हे त्याला कळून चुकलं होतं.

थोरला बरा झाला आणि नवं वाद्य घेऊन परतला. आता रोज धुवायचा. सूर काही वाहून गेला नाही. जुना सॅक्सोफोन त्याने धाकट्याच्या हातात ठेवला.

"साडूभाऊ, तुमच्यामुळे वाचलो. तुमचा जीव होता ना ह्याच्यावर? तेवढा धुऊन घ्या."

धाकट्याने तो बँडच्या खोलीतच घासूनपुसून लख्ख केला, भोकांवरच्या चामडी गाद्या बदलल्या, उन्हात वाळवला. गुपचूप घरी आणला, दार लावून घेतलं आणि थोरल्याची चाल फुंकली.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, ताईच्या ह्यांचा मिळणार होता ना तुम्हाला? तो कधी आणताय?"